काकांच्या शेडमधला ब्राउझर

काकांच्या आंब्याच्या शेडमधला जुना डेस्कटॉप पावसाळ्यात गेला. तसा तो जाणारच होता. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे आमचं गाव, शेडपासून समुद्र सरळ रेषेत किलोमीटरभरही नाही, आणि खारा वारा काय करतो ते इकडे कुणाला सांगायला नको, दाराच्या बिजागऱ्या, मोटरसायकलचे स्पोक, टीव्हीची डिश, सगळं दोनतीन वर्षांत बदलायचं हे धरूनच चालतात लोक. कॅबिनेट उघडलं तर मदरबोर्डवर हिरवट थर चढलेला, रॅमच्या पिना काळ्या पडलेल्या आणि पॉवर सप्लायच्या आत पालीचं अख्खं कुटुंब. काका म्हणाले, "जुना एखादा बघ रे रत्नागिरीत, मिळेल स्वस्तात." मी म्हटलं थांबा जरा, माझ्याकडे रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, पडलाय, त्याच्यावर चालतं का बघूया.

काकांनी ते बोर्ड हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. पत्त्याच्या कॅटाएवढी वस्तू. "ह्याच्यात विंडोज जाईल?" नाही जाणार म्हटलं, विंडोज नको आहे आपल्याला, आपल्याला फक्त ते वजनाचं ॲप पाहिजे. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण ते "फक्त ॲप" हे प्रकरण मी समजत होतो तेवढं फक्त नव्हतं.

ॲप तसं साधं आहे. काट्यावर पेटी ठेवली की वजन आपोआप स्क्रीनवर येतं, मग बाग निवडायची, किती डझनी पेटी ते निवडायचं, बटण दाबलं की लेबल छापून बाहेर, आणि नोंद डेटाबेसमध्ये. ओळखीतल्या एका मुलाने कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना करून दिलेलं, पैसेही फार घेतले नाहीत, आणि मुख्य म्हणजे सगळा कोड झिप करून देऊन ठेवलेला, हे फार म्हणजे फार मोठं उपकार. केलेलं होतं इलेक्ट्रॉनमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इलेक्ट्रॉन म्हणजे क्रोमचा गाभा जो क्रोमियम तो आणि नोड जेएस हे दोन्ही एकत्र बांधलेला सांगाडा. तुम्ही वेबसाइट लिहिता तसं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट लिहायचं आणि ते डेस्कटॉपवर स्वतःच्या खिडकीत चालतं, शिवाय वेबसाइटला जे सहजी करता येत नाही ते, म्हणजे फाइली उघडणं, सीरियल पोर्ट वाचणं, तेही करता येतं. गिटहबने २०१३ मध्ये त्यांच्या ॲटम नावाच्या एडिटरसाठी हे बनवायला घेतलं, तेव्हा नाव होतं ॲटम शेल, २०१५ मध्ये त्याचं इलेक्ट्रॉन झालं. पुढे ॲटम २०२२ च्या डिसेंबरात बंद केला गेला, पण त्याच्यासाठी बांधलेला सांगाडा व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड सगळ्यांच्या पोटात बसून मजेत आहे.

लोक इलेक्ट्रॉनला शिव्या घालतात, का तर प्रत्येक ॲप आपला स्वतंत्र ब्राउझर घेऊन येतं. एका छोट्याशा फॉर्मसाठी शंभर एमबीच्या वरचं बाड. शिव्या खऱ्याच आहेत, मीही घातल्यात, पण लेबलाच्या वेळेला मला त्या थोड्या मागे घ्याव्या लागल्या, ते पुढे येईलच.

इलेक्ट्रॉनचं कौतुक करताना सगळे एकच सांगतात की एकदा लिहा, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालवा. जावास्क्रिप्टपुरतं ते खरंय. पण जावास्क्रिप्टच्या खाली जे काही आहे ते सगळं कुणाच्या तरी टेबलावरच्या विशिष्ट मशीनला धरून बनलेलं असतं, आणि करणाऱ्याने काय काय गृहीत धरलंय हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं, कारण त्याच्याकडे ते असतंच. प्रोसेसर इंटेलचा, लाईट कायम, नेट कायम, घड्याळ बरोबर. आमच्या शेडमध्ये ह्यातलं एकही नाही.

पहिला नमुना. त्या मुलाने झिपमध्ये लिनक्ससाठी बांधलेली एक तयार फाइलही ठेवली होती, म्हटलं वा, काम झालं. पायवर टाकली, चालवली, आणि उत्तर आलं "एक्झेक फॉरमॅट एरर". म्हणजे लिनक्स तुझाही आहे आणि माझाही, पण ही फाइल ज्या प्रोसेसरच्या भाषेत आहे तो मी नव्हे. आपले नेहमीचे लॅपटॉप बहुतेक एक्स८६ घराण्यातले, इंटेल किंवा एएमडी, आणि पाय म्हणजे एआरएम, जो जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. गंमत म्हणजे एआरएमचा पहिला प्रोसेसर १९८५ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत बनला आणि रास्पबेरी पायही केंब्रिजचाच, २०१२ च्या २९ फेब्रुवारीला बाजारात आला, एवढ्याशा गावातनं काय काय निघालंय.

बरं, इलेक्ट्रॉनचे एआरएमसाठीही तयार बिल्ड मिळतात, ३२ बिटचा वेगळा आणि ६४ बिटचा वेगळा. पायला विचारलं तू कोण, तर त्याने उत्तर दिलं आर्च६४, म्हणजे ६४ बिट. त्याप्रमाणे ६४ बिटवालं ॲप बांधून टाकलं. आता एरर काय, तर "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". फाइल समोर दिसतेय, यादीत येतेय, परमिशन बरोबर आहे आणि हा म्हणतो फाइलच नाही. ह्याच्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आणि जो कुणी हे पायवर करणार असेल त्याची जाऊ नये म्हणून सविस्तर सांगतो. माझ्या कार्डावर रास्पबेरी पाय ओएस होती ३२ बिटची, पण अलीकडे ती पाय ४ वर कर्नेल, म्हणजे ओएसचा गाभा, मात्र ६४ बिटचा चालवते. आपण चौकशी करतो कर्नेलकडे, तो सांगतो मी ६४, आणि वरचा सगळा संसार, लायब्रऱ्या वगैरे, ३२ चा. ६४ बिटचा प्रोग्रॅम सुरू करायला जो लोडर लागतो तोच कार्डावर नसतो, आणि "फाइल नाही" ही तक्रार त्या लोडरची असते, आपल्या ॲपची नाही, फक्त लिहिताना नाव ॲपचं लिहिलं जातं. खरं उत्तर पाहिजे असेल तर पॅकेजं सांभाळणाऱ्या डीपीकेजीला विचारायचं की तुझं आर्किटेक्चर काय, ते म्हणालं एआरएमएचएफ, म्हणजे ३२ बिट, विषय संपला. सरळ ६४ बिटची ओएस नव्याने टाकली. तिच्यासाठी इमेज डाउनलोड करायला सड्यावर जाऊन बसलो होतो, कारण खाली घरात दोन काड्या रेंज, वर कातळावर पूर्ण.

पाय झिरो पडलाय घरात, त्याच्यावर चालेल का असं एका मित्राने विचारलं. पहिल्या झिरोचा प्रोसेसर एआरएमव्ही६, त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनचा बिल्डच नाही. झिरो टू चा प्रोसेसर चालतो पण रॅम ५१२ एमबी, त्यात क्रोमियम कोंबायचा तर मनावर दगड ठेवावा लागेल. माझा पाय ४ चार जीबीवाला, त्यात ॲप चारेकशे एमबी खातं, बाकी मोकळं, त्यामुळे मला रॅमचा त्रास झाला नाही.

पुढचा प्रश्न काट्याचा. काटा कॉम्प्युटरशी बोलतो सीरियल पोर्टवरून, आणि ॲपमध्ये त्यासाठी सीरियलपोर्ट नावाचं मॉड्यूल वापरलेलं. हे नुसतं जावास्क्रिप्ट नाही, त्याच्या पोटात सी++ मध्ये लिहिलेला तुकडा असतो जो त्या त्या प्रोसेसरसाठी आणि त्या त्या इलेक्ट्रॉनच्या आवृत्तीसाठी कंपाइल झालेला लागतो. झिपमध्ये नोड मॉड्यूल्सचं फोल्डर जसंच्या तसं होतं, विंडोजवर बनलेलं. ते चालवल्यावर "इनव्हॅलिड इएलएफ हेडर", म्हणजे ही लिनक्सची फाइलच नव्हे. सगळं फोल्डर उडवून पायवरच नव्याने इन्स्टॉल केलं आणि इलेक्ट्रॉनसाठीची रिबिल्ड कमांड चालवली. डेटाबेसचं मॉड्यूलही त्याच जातीचं, तेही कंपाइल व्हायला बसलं, पायचा पत्रा तापला, मी जेवून आलो तरी चालूच होतं, पण झालं. मग पॅकेज बांधताना आणखी एक गंमत, लिनक्सवर इन्स्टॉल करायची डेब फाइल बनवायला इलेक्ट्रॉन बिल्डरने जे एफपीएम नावाचं हत्यार स्वतः उतरवून घेतलं ते हत्यारच एक्स८६ चं निघालं! म्हणजे एआरएमसाठी पॅकेज बांधायची सोय आहे, पण ते तुम्ही एआरएमवर बसून बांधाल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. एफपीएम वेगळं इन्स्टॉल करून, सिस्टिमवालं वापर असं एका व्हेरिएबलमध्ये सांगितलं की सुटतं.

ॲप सुरू करताना सँडबॉक्सची, म्हणजे ब्राउझरला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणाची, एरर येते, त्यावर जिथे तिथे एकच उपाय सापडतो की नो सँडबॉक्स लावा आणि पुढे व्हा. मला ते पटत नाही. क्रोम सँडबॉक्स नावाची जी फाइल ॲपच्या फोल्डरमध्ये असते ती रूटच्या मालकीची करून परमिशन ४७५५ दिली की झालं, दोन ओळींचं काम, त्यासाठी दार सताड उघडं ठेवायची गरज नाही. ॲप उघडल्यावर नुसती पांढरी स्क्रीन दिसली तर उपाय हार्डवेअर ॲक्सलरेशन, म्हणजे ग्राफिक्स चिपची मदत घेणं, बंद करणं. आणि त्या मुलाने हौसेने घातलेल्या सावल्या, धूसर काचेचा इफेक्ट, सरकत येणारे मेनू हे सगळं काढून टाकलं, तेव्हा बटण दाबल्यावर जो अर्धा सेकंद जात होता तो जायचा थांबला. शेडमध्ये काचेचा इफेक्ट बघायला कुणाला वेळ आहे.

काटा जोडल्यावर वजन येईना कारण युजर डायलआउट ग्रुपमध्ये, म्हणजे सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांत, नव्हता. ते केलं. मग काटा आणि प्रिंटर एकदम जोडले की पोर्टचं नाव कधी शून्य कधी एक, म्हणून नंबर सोडून बाय-आयडीवालं लांबलचक नाव वापरलं, ते बदलत नाही. काटा सेकंदाला कितीतरी वेळा आकडा पाठवत राहतो, पेटी ठेवताना ती हलते तेव्हाचेही, त्यामुळे लागोपाठ काही आकडे सारखे आले तरच वजन पक्कं धरायचं. हे त्या मुलाने आधीच नीट केलेलं होतं, त्याला त्याचं श्रेय.

आता लेबल. ह्याच्यावर मला जास्त लिहायचंय.

काकांच्या बागा तीन ठिकाणी आहेत आणि लेबलावर बागेचं नाव येतं, कातळावरची, घाटीतली आणि पऱ्यावरची, म्हणजे ओढ्याकाठची. दलालाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, पण पुण्यात घरोघरी जाणाऱ्या पेट्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, त्यांना कातळावरचा आंबाच पाहिजे असतो आणि एखाद्या पेटीत साका, म्हणजे आतून गर खराब झालेला आंबा, निघाला तर कुठल्या बागेचा, कुठल्या तोडीचा ते काकांना कळायला पाहिजे असतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आसपासच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हापासून तर पेटीवर नीट लेबल असावं ह्याबद्दल काका अगदी हट्टी झालेत, आणि बरोबर आहे त्यांचं, कुठलाही आंबा हापूस म्हणून खपतो बाजारात.

विंडोजवर लेबल छापायला प्रिंटरबरोबर आलेला ड्रायव्हर होता. लिनक्ससाठीचा जो मिळाला तोही एक्स८६ चा, बंद डब्यातला, कोड नाही, म्हणजे एआरएमवर शून्य उपयोग. पण हे थर्मल लेबल प्रिंटर आतून फार साधे असतात, त्यांना टीएसपीएल नावाच्या साध्या मजकुराच्या कमांड कळतात, लेबल एवढं बाय एवढं, इथे हा मजकूर लिही, छाप. लिनक्समध्ये प्रिंटर जोडला की त्याची एक फाइल दिसते, तिच्यात ह्या ओळी लिहून टाकल्या की प्रिंटर मुकाट्याने छापतो, ड्रायव्हरबिव्हर काही नको. मी इंग्रजीत नाव टाकून बघितलं, खटकन लेबल बाहेर. मराठी टाकलं, कोरं लेबल बाहेर. प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टमध्ये देवनागरी कुठून असणार, आणि समजा अक्षरं घातली असती तरी काना मात्रा वेलांटी एकमेकांवर बसवणं, जोडाक्षरं करणं हे त्या गरीब प्रिंटरच्या आवाक्यातलं नाही.

तेव्हा डोक्यात आलं की अरे, आपल्याकडे अख्खा ब्राउझर आहे की. ज्याला आपण वजनदार म्हणून नावं ठेवतो त्याच्या आत देवनागरी नीट बसवणारं सगळं यंत्र आहे, हार्फबझ नावाची लायब्ररी आहे जी र, य, वेलांटी सगळ्यांना आपापल्या जागी बसवते. मग लेबल म्हणजे एक छोटं वेबपेज केलं, ऑफस्क्रीन खिडकीत काढलं, त्याचा फोटो घेतला, फोटोचं शुद्ध काळंपांढरं केलं आणि प्रिंटरला मजकूर न देता चित्रच दिलं. प्रिंटर २०३ डीपीआय, म्हणजे एका मिलिमीटरला आठ टिंबं, आमचं लेबल ५० बाय २५ मिलिमीटर, म्हणजे चित्र ४०० बाय २००. एवढ्याशा जागेत.

पहिलं लेबल निघालं त्यात सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन. ओएसची मी लाइट नावाची छोटी आवृत्ती टाकली होती, तिच्यात देवनागरी फॉन्टच नाही, त्याचाही त्या मुलाने कधी विचार केला नसणार कारण विंडोजमध्ये तो असतोच. 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट ॲपच्या आतच घालून टाकला, म्हणजे खाली कुठली ओएस आहे त्याची फिकीर नको. मग अक्षरं आली पण बारीक रेघा तुटायला लागल्या, कारण करड्या रंगाचं काळंपांढरं करताना जी रेघ फिकट ती पांढऱ्यात जाते, आणि देवनागरीत नेमक्या त्याच रेघांवर सगळं अवलंबून. पऱ्यावरचीमधला तो अर्धा र, य च्या डाव्या खांद्याला चिकटलेली कोयरी, तीच गायब व्हायची आणि लेबल म्हणायचं "पयावरची". एकदा काकूंनी नाव टाइप करताना साधा र जोडला तर झालं "पर्यावरची", रफार वर. काका म्हणाले पर्यावरणवाल्यांची बाग झाली आपली. शेवटी फॉन्ट सगळ्यात जाड वजनाचा घेतला, आकार वाढवला, "रत्नागिरी हापूस" एका ओळीत मावेना म्हणून तारीख खाली सरकवली, आणि काळंपांढरं करायची मर्यादा जरा काळ्याच्या बाजूला झुकवली. आता कोयरी दिसते. भिंगाने बघितलं तर तिच्यात मोजून काही टिंबंच आहेत, पण वाचणाऱ्याला तो पऱ्याच दिसतो.

हंगामाला आमच्याकडे नेपाळी मुलं येतात, इकडे बहुतेक बागांत येतात, राखणीला, तोडणीला. त्यातला एक शेडमध्ये पेट्या भरायला असतो, त्याला इंग्रजी फारसं येत नाही पण देवनागरी त्याची स्वतःचीच लिपी, त्यामुळे स्क्रीनवरचं सगळं तो वाचतो, मराठीचा अर्थ आता त्याला लागतोच. जुन्या डेस्कटॉपवर बटणं इंग्रजीत होती. ती मी मराठी केली, आणि दोन दिवसात काकांपेक्षा तोच जास्त भराभर चालवायला लागला, काकांना कुठलं बटण कुठे तेही तोच सांगतो.

लाईटचं सांगायलाच पाहिजे. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरपर्यंतचा सप्लाय लागतो. सुरुवातीला घरातला मोबाइलचा चार्जर लावला होता तर स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची, म्हणजे व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं. तसं झालं की पाय बंद पडत नाही, आपला वेग कमी करतो, आणि आपण ॲपला दोष देत बसतो. पायला तब्येत विचारायची एक कमांड आहे, तिचं उत्तर शून्य यायला पाहिजे, माझं यायचं पाच शून्य शून्य शून्य पाच, म्हणजे आत्ताही व्होल्टेज कमी आहे, आधीही होतं, आणि त्यापायी वेगही कमी केलाय. बागेत वानरांसाठी झटका मशीन आहे सोलरवरचं, तिच्या जोडीची एक १२ व्होल्टची बॅटरी रिकामी होती, तिच्यावरून कन्व्हर्टर लावून ५.१ व्होल्ट काढले, जाड आणि आखूड वायर वापरली, वीज चमकायची थांबली. आता लाईट गेली तरी पायला पत्ता लागत नाही. काटा स्वतःच्या बॅटरीवर चालतो. प्रिंटर मात्र थांबतो, त्याला इलाज नाही, लेबलं रांगेत साठतात आणि लाईट आल्यावर एकदम निघतात.

बॅटरी असली तरी वायर कुणाच्या तरी पायात अडकणारच, म्हणून एसडी कार्डावर डेटा ठेवलाच नाही. ओएस फक्त वाचण्यापुरती, डेटाबेस वेगळ्या छोट्या एसएसडीवर, आणि तो डेटाबेस सांभाळणाऱ्या एसक्यूलाइटला सांगितलंय की प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की बसल्याशिवाय पुढे जाऊ नको. एका पेटीला क्षणभर जास्त लागला तर लागू दे.

आणि सगळ्यात शेवटी कळलेली गोष्ट म्हणजे घड्याळ. पहिल्या खऱ्या तोडीच्या दिवशी सकाळी ज्या पेट्या भरल्या त्यांच्यावर तारीख आदल्या दिवशीची. काकांनीच पकडलं, त्यांची नजर लेबलाच्या तारखेवर आधी जाते कारण चौदा आणे फळ तोडलं की किती दिवसांनी तयार होईल हा सगळा हिशोब त्या तारखेवर. झालं होतं असं की पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. आपल्या कॉम्प्युटरमध्ये ती गोल बटणाएवढी सेल असते ना, ती इथे नाही. बंद करताना तो वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, उठल्यावर तिथूनच पुढे मोजायला लागतो, आणि नेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. आमचं नेट म्हणजे काकांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि काका सकाळी सहाला मोबाइल खिशात घालून बागेत. ते नऊला परत येईपर्यंत शेडमध्ये काल रात्रच चालू.

कॉम्प्युटरला आज तारीख काय आहे हेच माहीत नसेल असा विचार कुणी कशाला करेल? ॲपमध्ये एक ओळ, आत्ताची वेळ घे, आणि सगळे तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ मिळतं, चार पिनांवर बसतं, त्याला स्वतःची सेल, कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकायची, आणि ते वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकतं, आमच्या कामाला ते खूप झालं. शिवाय ॲपमध्येही एक तपासणी घातली की आत्ताची वेळ डेटाबेसमधल्या शेवटच्या नोंदीच्या आधीची दिसली तर लेबल छापू नकोस, आधी माणसाला विचार. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण सेल आपल्यालाच लावावी लागते.

पुण्यातल्या एका मित्राने हे सगळं ऐकून विचारलं की एवढा आटापिटा करण्यापेक्षा दुसऱ्या कशात तरी हलकं का नाही लिहिलंस, टौरी आहे, ती सिस्टिमचाच वेबव्ह्यू वापरते, स्वतःचा ब्राउझर घेऊन फिरत नाही. बरोबर आहे, नव्याने लिहायचं असतं तर मी विचार केला असता. पण आंब्याला मोहोर आला होता, चालू असलेलं ॲप हातात होतं, त्यातलं काटा वाचायचं काम त्या मुलाने चांगलं केलेलं होतं, आणि हंगामाच्या तोंडावर चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही हे काका फवारणीच्या पंपाबद्दलही म्हणतात. आणि त्या कोयरीसाठी मला ब्राउझर हवाच होता, तो सिस्टिमचा असो की स्वतःचा.

बोर्ड बंद ॲल्युमिनियमच्या केसमध्ये ठेवलंय, पंखा नाही. पंखा लावला तर थंडाव्याबरोबर खारी हवा आणि अढीच्या पेंढ्याची धूळ पण आत ओढणार, त्यापेक्षा थोडं गरम झालेलं परवडलं. ८० डिग्रीला पाय स्वतःच वेग कमी करतो, भर दुपारी पत्र्याखाली मी ६८ पर्यंत बघितलंय.

आता काकांना काजूसाठी पण हेच पाहिजे. काजूबी किलोवर जाते, डझनाचा प्रश्न नाही, त्यामुळे ॲपमध्ये बदल किरकोळ आहे, पण त्यांनी जो दुसरा काटा आणलाय त्याला सीरियल पोर्टच नाही, ब्लूटूथ आहे, आणि त्याच्या बरोबरचं पत्रक चिनी भाषेत. "तुझा तो पत्त्याचा कॅट करील की सगळं," असं ते शेजाऱ्याला सांगून मोकळे झालेत, शेजाऱ्याचाही काटा तोच आहे. मी म्हटलं आधी विकणाऱ्याला फोन करा, तो काटा काय पाठवतो ते विचारा, मग बोलू.